फोटो पोचले, नावे राहिली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. काही अटींवर थोडी जादा मुदत मिळते, पण प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. विंडोज ११ घालावी म्हटले तर साधारण २०१८ पूर्वीच्या प्रोसेसरवर ती अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, पण त्याला नवी कार्यप्रणाली मिळत नाही. शाळांच्या संगणक कक्षात अशी यंत्रे भरपूर असतात. कारखान्यांनी वापरून झालेले संगणक शाळांना देण्याची चाल पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात नवी नाही. अशा यंत्रांसाठी सोपा मार्ग म्हणजे लिनक्स. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते, आणि पत्रे, प्रश्नपत्रिका, गुणतक्ते ही रोजची कामे तिच्यावर विनातक्रार होतात.

अडचण येते ती एका वेगळ्याच जागी. समजा, चाकण परिसरातल्या एका शाळेने दहा वर्षे खपून गावाचा संग्रह केला आहे. संग्रामदुर्गाच्या तटाचे फोटो, कांद्याच्या बाजाराचे फोटो, बैलगाडा शर्यतीची चित्रफीत, आज जिथे कारखान्याची शेड आहे तिथल्या शेतात काम करणाऱ्या माणसांची छायाचित्रे, आणि म्हाताऱ्या मंडळींच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण. प्रत्येक फोटोत कोण आहे, कोणत्या वाडीतले, साल कोणते, हे मुलांनी घरोघर विचारून संगणकात भरले आहे. आता विंडोज काढून लिनक्स घातली. फोटो पेनड्राइव्हवरून सुखरूप आले. पण संग्रह सांभाळणारे सॉफ्टवेअर उघडले तर जुन्या नोंदींपुढे कोऱ्या चौकटी, आणि नव्याने सापडलेल्या फोटोंना नाव नाही, गाव नाही. ज्यांनी ती नावे सांगितली त्यांतली काही माणसे आता हयात नाहीत. मग पुन्हा विचारायचे कोणाला?

हे असे का होते, आणि होऊ नये म्हणून काय करावे, हे या लेखात पाहू. गणित अवघड नाही. आठवी-नववीच्या मुलांनाही समजावे असे आहे.

प्रथम हे लक्षात घेऊ, की फोटो आणि फोटोविषयीची माहिती या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. डिजिकॅम, कोडी, कॅलिबर अशी सॉफ्टवेअरे फोटो, चित्रफिती किंवा पुस्तके स्वतःच्या पोटात ठेवत नाहीत. त्या फाइली संगणकाच्या फोल्डरमध्येच असतात. सॉफ्टवेअर एक नोंदवही ठेवते. तिलाच डेटाबेस म्हणतात. अमुक फाइल तमुक ठिकाणी आहे, तिचे शीर्षक हे, तिच्यातली माणसे ही, तिला पाच चांदण्या दिलेल्या, असे त्या वहीत लिहिलेले असते. कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम केलेल्या पालकांना विचारा, ते लगेच सांगतील. बेअरिंग रॅकवर असते, बिन कार्डावर त्याचा पार्ट नंबर, शिल्लक आणि रॅकची जागा लिहिलेली असते. आता हे स्टोअर भोसरीहून चाकणला हलवले, माल सगळा ट्रकने आला, पण कार्डांवर अजून भोसरीच्या रॅकची जागा लिहिलेली आहे. माल आहे, कार्ड आहे, पण दोहोंची गाठ सुटली. आपल्या शाळेच्या संग्रहाचे नेमके हेच झाले.

पत्ता लिहिण्याच्या दोन रीती

नोंदवहीत फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. विंडोजमध्ये तो असा दिसतो:

डी:\संग्रह\संग्रामदुर्ग\तट-०१.जेपीजी

आणि तीच फाइल लिनक्सवर गेली की पत्ता असा होतो:

/होम/शाळा/संग्रह/संग्रामदुर्ग/तट-०१.जेपीजी

खऱ्या संगणकावर यांतले काही शब्द रोमन लिपीत असतील, पण रचना हीच. दोन फरक चटकन दिसतात. विंडोजमध्ये आरंभी ड्राइव्हचे अक्षर असते, लिनक्समध्ये ते नसतेच. तिथे सगळे एकाच मुळापासून फुटलेल्या झाडासारखे मांडलेले असते. दुसरा फरक तिरक्या रेघेच्या दिशेचा.

ही रेघ उलटी का, याची हकिकत गमतीची आहे. बेल प्रयोगशाळेत १९६९ च्या सुमारास युनिक्सचा जन्म झाला. तिच्यात फोल्डर वेगळे दाखवायला उजवीकडे झुकणारी रेघ वापरली गेली, आणि लिनक्सने तीच उचलली. १९८१ मध्ये आलेल्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरांची उतरंड नव्हतीच. पण आज्ञेला सूचना जोडण्यासाठी ती रेघ तिथे आधीच वापरात आली होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती जागा भरलेली, म्हणून उलटी रेघ घेतली गेली. विंडोजकडे ती वारशाने आली. ड्राइव्हची अक्षरे सी पासून सुरू होतात तीही अशीच जुन्या घराची खूण आहे. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, पण तिची राखीव जागा अजून रिकामी आहे.

लिनक्सला विंडोजचा पत्ता दिला तर ती काय करते? लिनक्समध्ये उलटी रेघ हे फाइलच्या नावात चालणारे एक साधे चिन्ह आहे. त्यामुळे वरचा पहिला पत्ता ती पत्ता म्हणून वाचतच नाही. ‘डी:\संग्रह\संग्रामदुर्ग\तट-०१.जेपीजी’ या एवढ्या लांबलचक नावाची एकच फाइल ती शोधू लागते. अशी फाइल अर्थातच नसते.

निगडीच्या प्राधिकरणात राहणाऱ्यांना पत्त्याचा हा प्रकार परका नाही. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि शेतजमिनींवर सेक्टर आखले गेले. जमीन तीच, पण जुन्या कागदात ती सर्व्हे नंबराने ओळखली जाते आणि नव्या कागदात सेक्टर व प्लॉट नंबराने. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाची भाषा दुसऱ्या दप्तरात चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. सगळी सॉफ्टवेअरे पत्ता सारख्या पद्धतीने लिहीत नाहीत, आणि स्थलांतर सोपे की अवघड हे त्यावरच ठरते.

कोडी हे घरच्या चित्रफिती व गाणी दाखवणारे सॉफ्टवेअर प्रत्येक फोल्डरचा पूर्ण पत्ता, अगदी ड्राइव्हच्या अक्षरासकट, लिहून ठेवते. म्हणजे शंभर फोल्डर असतील तर शंभर ठिकाणी ‘डी:\’ आले. डिजिकॅम हे फोटो सांभाळणारे सॉफ्टवेअर अधिक शहाणपणा करते. ते पत्त्याचे दोन तुकडे करते. संग्रहाचे मूळ कुठे आहे हे एका वेगळ्या कोष्टकात एकदाच लिहिते, आणि बाकी सर्व अल्बमांचे पत्ते त्या मुळापासून पुढचे तेवढेच लिहिते. घर बदलले तर एक ओळ बदलायची, की खालचे हजारो फोटो आपोआप नव्या जागी लागतात. शिवाय ते प्रत्येक फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली एक खूणही जपते. ही जणू फोटोच्या अंगठ्याचा ठसा. जागा बदलली तरी ठसा बदलत नाही.

तिसरी रीत कॅलिबरची. कोविद गोयल या भारतीय विद्यार्थ्याने अमेरिकेत शिकत असताना २००६ मध्ये हे ई-पुस्तकांचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले, आणि आज ते जगभर वापरले जाते. कॅलिबर आपली नोंदवही पुस्तकांच्या फोल्डरातच ठेवते आणि पत्ते त्या फोल्डरापासूनचे लिहिते. पूर्ण फोल्डर उचलून विंडोजवरून लिनक्सवर ठेवा, सॉफ्टवेअरला नवी जागा दाखवा, काम झाले. आम्हाला ही रीत सर्वांत निकोप वाटते. पत्ता मुंबई-पुणे रस्त्यापासून सांगण्याऐवजी ‘आमच्या वाड्यात शिरल्यावर डाव्या हाताची दुसरी खोली’ असा सांगितला, की वाडा कुठेही असो, खोली सापडते.

नाव एक, स्पेलिंगे तीन

पत्ते दुरुस्त केले तरी काही फाइली हट्टाने सापडत नाहीत. याचे कारण नावांत असते, आणि इथे मराठीच्या वाट्याला आलेल्या अडचणी इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. म्हणून त्या जरा सविस्तर पाहू.

इंग्रजीवाल्यांची नेहमीची अडचण मोठ्या व लहान लिपीची. विंडोजला मोठ्या लिपीतले नाव आणि लहान लिपीतले नाव एकच वाटते. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, म्हणून आपल्याला वाटते आपण सुटलो. पण फाइलच्या शेवटी येणारे जेपीजी हे शेपूट रोमनच असते. एखादा कॅमेरा ते मोठ्या लिपीत लिहितो, एखादा फोन लहान लिपीत. नोंदवहीत एक आणि डिस्कवर दुसरे असले, तरी विंडोजवर वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. लिनक्सवर पहिल्याच दिवशी बिघडते.

दुसरी अडचण लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइट मिळतात. विंडोजमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची आहे. आकडा सारखा दिसतो, पण फरक मोठा आहे. लिनक्सवर नावे युटीएफ-८ या पद्धतीने लिहिली जातात. तिच्यात रोमन अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. शिवाय काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘दुर्गाच्या’ हा शब्द दिसायला तीन अक्षरी आहे. फोडून पाहा: द, उकार, र, हलन्त, ग, काना, च, हलन्त, य, काना. झाली १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. तेव्हा २५५ बाइटांत देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे मावतात. आपल्याकडे फोटोला नाव देताना अख्खे वाक्य लिहिण्याची सवय असते. विंडोजवर ते खपते, लिनक्सवर कॉपी करताना तीच फाइल नाकारली जाते. इंग्रजी नावांच्या संग्रहात ही अडचण क्वचितच उद्भवेल.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म, आणि आमच्या मते सर्वांत शिकवण्याजोगी. जुन्या लग्नांच्या फोटोंचा एक फोल्डर आहे आणि त्याचे नाव ‘वऱ्हाड’. या शब्दातला ऱ्ह मराठीचा खास. युनिकोडमध्ये हा अर्धा र लिहिण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, ‘ऱ’ हे तयार चिन्ह घ्यायचे आणि त्याला हलन्त जोडायचा. दुसरी, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तिसरी ही युनिकोडच्या जुन्या आवृत्तीपासून चालत आलेली: साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारे जोड-चिन्ह. तिन्ही वाटांनी पडद्यावर ‘वऱ्हाड’ हेच उमटते. पण पहिल्या वाटेने चिन्हे ६ आणि बाइट १८. दुसऱ्या व तिसऱ्या वाटेने चिन्हे ७ आणि बाइट २१, आणि ती ७ चिन्हेही एकसारखी नाहीत.

माणूस शब्द वाचतो, संगणक बाइट ताडून पाहतो. नोंदवहीत १८ बाइटांचे वऱ्हाड आणि डिस्कवर २१ बाइटांचे, तर संगणकाच्या लेखी ती दोन निराळी गावे आहेत. असा बदल वाटेत होतो कसा? ॲपलच्या मॅक संगणकांवर २०१७ पर्यंत प्रचलित असलेली फाइल-व्यवस्था नावे साठवताना तयार चिन्हांचे तुकडे करून ठेवत असे. म्हणजे तुम्ही ‘ऱ’ लिहिले तरी ती र आणि नुक्ता असे लिहून घेई. अशा मॅकवर काही दिवस राहून आलेला फोल्डर लिनक्सवर उतरला की त्याचे नाव न बदलताच बदललेले असते. विंडोज आणि लिनक्स स्वतः अशी फोड करीत नाहीत; जे मिळाले ते तसेच ठेवतात. पण एका शिक्षकाच्या मॅकवर, दुसऱ्याच्या फोनवर, तिसऱ्याच्या विंडोजवर असा फिरलेला संग्रह तिन्ही वाटांची नावे घेऊन येतो. पहिल्या दोन वाटा एकरूप करण्याचा नियम युनिकोडने घालून दिलेला आहे आणि त्यासाठी तयार साधने मिळतात. तिसरी वाट मात्र त्या नियमात बसत नाही. ती हातानेच शोधून बदलावी लागते. वऱ्हाड, कऱ्हा, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, शेतकऱ्यांचे असे शब्द ज्या नावांत असतील ती नावे स्थलांतराआधीच वेगळी काढून तपासावीत.

वर्गात हा प्रयोग करण्यासारखा आहे. दोन संगणकांवर वेगवेगळ्या कळफलकांनी ‘वऱ्हाड’ टंकून घ्या, दोन साध्या मजकूर-फाइलींत साठवा आणि फाइलींचा आकार बाइटांत पाहा. आकार वेगळे आले तर मुलांना पुढचे सांगावे लागणार नाही.

या सगळ्या कटकटीवर कॅलिबरने काढलेला उपाय जालीम आहे. पुस्तकाचे खरे नाव ते नोंदवहीत देवनागरीतच ठेवते, पण डिस्कवरच्या फोल्डराला मात्र त्याचे रोमन रूपांतर करून नाव देते. ते रूपांतर मराठी माणसाला वाचवत नाही, आणि पहिल्यांदा पाहताना रागही येतो. पण कोणत्याही कार्यप्रणालीवर ते मोडत नाही, हेही खरे.

वही स्वतः मात्र प्रवासाला पक्की

इतक्या अडचणी वाचून वाटेल की डेटाबेसची फाइलच दुसऱ्या कार्यप्रणालीवर चालत नसेल. तसे नाही. डिजिकॅम, कोडी व कॅलिबर ही तिन्ही आपली वही सहसा एसक्यूलाइट या पद्धतीत लिहितात. रिचर्ड हिप यांनी ती २००० मध्ये प्रसिद्ध केली; अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी काम करताना त्यांना तिची गरज भासली होती. २००४ पासून तिचा साचा जुन्या फाइली वाचता येतील असाच राखलेला आहे. पूर्ण डेटाबेस एकाच फाइलीत मावतो, आणि ती फाइल विंडोज, लिनक्स, मॅक, फोन, कुठेही तशीच उघडते.

यामागे एक साधी काळजी घेतलेली आहे. १००० ही संख्या दोन बाइटांत लिहायची तर ३ गुणिले २५६ अधिक २३२, म्हणजे ३ आणि २३२ असे दोन आकडे होतात. काही प्रोसेसर आधी ३ लिहितात, काही आधी २३२. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तसेच वाचले तर १००० चे ५९,३९५ होतील. एसक्यूलाइटने ठरवून टाकले की यंत्र कोणतेही असो, आमच्या फाइलीत मोठा भाग आधी. फाइलीची एक प्रत करून ती साध्या मजकूर-संपादकात उघडा. बहुतेक सगळा कचरा दिसेल, पण अगदी आरंभी ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ अशी रोमन अक्षरे स्वच्छ वाचता येतील.

फक्त एक सावधगिरी. सॉफ्टवेअर चालू असताना ताज्या नोंदी कधी कधी मुख्य फाइलीत न जाता शेजारच्या एका जोड-फाइलीत थांबलेल्या असतात. त्या वेळी मुख्य फाइल तेवढी उचलली तर शेवटच्या काही नोंदी मागे राहतात. म्हणून सॉफ्टवेअर नीट बंद करावे आणि मगच कॉपी करावी. शेजारी त्याच नावाची आणखी एखादी फाइल दिसली तर तीही सोबत घ्यावी.

वहीची फाइल चालते, पण आतला मजकूर वाचता येईलच असे नाही. जुन्या संग्रहांत इथे मोठा घोटाळा असतो. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटांत टंकला जाई. त्या पद्धतीत संगणकात ‘क’ हे अक्षर साठवले जात नसे. रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली आकारांची चित्रे साठवली जात. फाँट असला की मराठी, नसला की अर्थहीन रोमन चिन्हे. लिनक्सवर तो फाँट नसतो. शिवाय पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते म्हणून तिथे आधीच साठवलेली असे, त्यामुळे शोधणे आणि अकारविल्हे लावणे दोन्ही बिघडत. वास्तविक १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेचे इस्की हे मानक आले होते, अक्षर अक्षर म्हणूनच साठवणारे. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर बरेच काम केले. युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेला आहे. पण छापखाने आणि कचेऱ्या फाँटांच्याच वाटेने गेल्या. अशा नोंदी असतील तर आधी जुन्या यंत्रावरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, नंतर स्थलांतर करावे. दोन्ही एकदम करू नये, कारण चूक कशामुळे झाली ते मग कळत नाही.

एका मोठ्या संग्रहाचा प्रवास

आपल्या पट्ट्याच्या पश्चिमेला लागूनच मुळशी तालुका आहे. तिथल्या आणि महाराष्ट्रभरच्या बायकांनी जात्यावर गायलेल्या ओव्या गोळा करण्याचे काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकात पुण्यातून सुरू केले. हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याने पुढे त्यांचा टिपणांसह डेटाबेस उभारला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. हा संग्रह गुडगावच्या संगीतविषयक संशोधन केंद्रात राहिला, तिथून फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील भांडारात गेला, आणि २०१७ पासून पारी या ग्रामीण भारताच्या महाजालावरील संग्रहातून लोकांपुढे येऊ लागला. तीन दशकांत यंत्रे आणि कार्यप्रणाली किती बदलल्या असतील याची कल्पना करा.

तरीही ओवी, तिची गायिका आणि तिचे गाव यांची गाठ सुटली नाही. पारीचे कार्यकर्ते ध्वनिफीत ऐकून थांबले नाहीत. नोंदीतल्या गावी जाऊन कित्येक गायिकांना पुन्हा भेटले. हे जमते ते प्रत्येक ओवीला आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे. क्रमांक ओवीला चिकटलेला असतो, ती ज्या डिस्कवर आहे त्या जागेला नाही. शाळेच्या संग्रहालाही हेच लागू करता येते. फाइलला ‘००४१२’ असा साधा, न बदलणारा अनुक्रमांक द्यावा आणि वाक्यभर वर्णन नोंदवहीत लिहावे. पार्ट नंबर वेगळा आणि रॅकची जागा वेगळी, हे स्टोअरकीपर कधीचे पाळत आले आहेत.

आणखी एक उपाय जुन्या घरांतून शिकण्यासारखा आहे. पूर्वी फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने नावे लिहीत. अल्बम फाटला तरी फोटोबरोबर नावे राहत. डिजिटल फोटोच्या फाइलीतही अशी ‘पाठ’ असते. डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये शीर्षक, खुणेचे शब्द आणि चेहऱ्यांची नावे फोटोच्या आतच लिहिण्याची सोय आहे. ती चालू आहे का ते पाहावे, आणि हलवण्यापूर्वी सर्व फोटोंत एकदा नोंदी लिहून घ्याव्यात. अल्बमाचे वर्णन यांसारख्या काही गोष्टी मात्र वहीतच राहतात, म्हणून वहीही न्यावीच लागते. कोडीतही वहीतील माहिती चित्रफितीशेजारी वेगळ्या छोट्या फाइलींत उतरवून घेता येते, आणि पूर्ण पत्ते बदलत बसण्यापेक्षा तो मार्ग बरा.

प्रत्यक्ष हलवण्याच्या दिवशी घाई नको. आधी जुन्या यंत्रावर एकूण फोटो किती, नावे लिहिलेले किती, हे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. फाइली एफएटी-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर घेऊ नयेत. तिच्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकही फाइल मावत नाही, आणि शर्यतीची लांब चित्रफीत नेमकी तेवढी असते. वहीतले पत्ते बदलायचे झाल्यास तिच्या प्रतीवरच बदलावेत, आणि फक्त पत्त्याच्या रकान्यात. सगळ्या वहीत सरसकट शोधा-आणि-बदला केले तर कोणीतरी वर्णनात लिहिलेली साधी तिरकी रेघही उलटीपालटी होते. मग नव्या यंत्रावर आकडे जुळतात का पाहावे. एकूण जुळले आणि नावे असलेले कमी भरले, तर कोणते हुकले ते शोधावे; बहुधा त्यांत ऱ्ह किंवा ऱ्य निघेल.

शेवटी वेळेचा घोळ. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवल्या तर घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे होताना दिसते. यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज धरते, आणि ग्रिनिचची वेळ आहे असे लिनक्स धरते. आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटे पुढे, म्हणून सकाळी १० वाजता बदललेली फाइल दुपारी साडेतीनची वाटते. सॉफ्टवेअर फाइलच्या वेळेवरून ती बदलली की नाही ते ठरवत असेल, तर सगळाच संग्रह बदलला असे समजून ते तासन्‌तास पुन्हा तपासत बसते. त्याने नुकसान होत नाही, धीर धरावा. फोटो कधी काढला हे मात्र फाइलच्या वेळेवरून ठरवू नये. कॅमेऱ्याने ती वेळ फोटोच्या आत वेगळी लिहिलेली असते, तीच घ्यावी. आणि जुन्या यंत्राची डिस्क पुसायची ती एक पूर्ण शैक्षणिक वर्ष उलटल्यावर. गॅदरिंग, सहल आणि निकाल या तिन्ही वेळी संग्रह उघडला जातो, आणि काय हुकले ते बहुधा तेव्हाच ध्यानात येते.